मदतीचा हात कोठे थांबावा?

हाताची बोटे नीट वळत नाहीत अशा एका निवृत्त शिक्षकाच्या घरी त्याचा जुना मित्र भेटीला येतो. दोघे चहा घेतात. शाळेच्या, बदल्यांच्या, जुन्या सहकाऱ्यांच्या गोष्टी निघतात. मग यजमान काहीशा संकोचाने उशाजवळचा टॅब पुढे करतो. निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे पाहायचे असते, किंवा परगावच्या मुलीला चार ओळी लिहायच्या असतात. त्याचे बोट पडद्यावर टेकते, थरथरते आणि भलत्याच चौकोनावर जाते. हवे ते उघडत नाही, नको ते उघडते. दोन मिनिटे हे पाहिल्यावर मित्राला राहवत नाही. ‘अरे, आण इकडे, मी करून देतो,’ असे म्हणून तो टॅब हातात घेतो आणि अर्ध्या मिनिटात काम उरकतो. मित्र समाधानाने घरी जातो. टॅब पुन्हा उशाजवळ जातो आणि पुढच्या भेटीपर्यंत तेथेच पडून राहतो.

अशा प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मित्राची तत्परता खरी असते आणि यजमानाची कृतज्ञताही खरी असते. तरीही या व्यवहारात काहीतरी हुकते, कारण जे काम झाले ते यजमानाचे होते आणि ते त्याने केलेले नाही. उद्या तेच काम पुन्हा उद्‌भवले तर त्याला पुन्हा कोणाची तरी वाट पाहावी लागणार. अधू हाताच्या माणसाला मदत करणे म्हणजे त्याचे काम उरकून देणे, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः टॅबसारख्या यंत्राच्या बाबतीत खरी मदत निराळी आहे. ते यंत्र मित्राच्या हाताच्या चालीशी जुळवून द्यावे आणि आपली गरज उरणार नाही अशी व्यवस्था करून बाजूला व्हावे, ही ती मदत होय. तिला वेळ अधिक लागतो, धीर अधिक लागतो आणि मदत करणाऱ्याला मिरविण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. कदाचित म्हणूनच ती दुर्मीळ आहे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख जणांचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. महाराष्ट्रातील अपंगांची एकूण संख्या २९ लाखांहून अधिक होती. या आकड्यांत हातांची वेगळी मोजदाद नाही. शिवाय आमवाताने ज्यांची बोटे वाकडी झाली आहेत, पक्षाघाताच्या झटक्याने ज्यांची एक बाजू लुळी पडली आहे, किंवा वार्धक्यात ज्यांच्या हाताला कंप सुटला आहे, अशी किती माणसे गणनेच्या वेळी स्वतःला अपंग म्हणवून घेतात, हाही प्रश्नच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरॉसिस, कंपवात, कुष्ठरोगातून बरे झाल्यावर मागे राहिलेले व्यंग यांचा त्यांत समावेश आहे. कारणे निरनिराळी आहेत. पण पडद्यासमोर बसल्यावर बहुतेकांची अडचण एकच असते. बोट हवे तेथे, हवे तेव्हा आणि हवे तितकाच वेळ टेकत नाही.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही अडचण इतकी जाचक नव्हती. बँकेच्या खिडकीपलीकडे कारकून होता, तलाठ्याच्या कचेरीत उतारा लिहून मिळत असे, रेल्वेचे तिकीट खिडकीवर सांगून काढता येत असे. रांग होती, खेटे होते, अरेरावीही होती. पण समोर माणूस होता आणि त्याला सांगून काम होत होते. आज पैसे पाठविणे, वीजबिल भरणे, सातबारा पाहणे, परीक्षेचा अर्ज करणे, दवाखान्याची वेळ ठरविणे ही सारी कामे काचेच्या एका पडद्यावर येऊन ठेपली आहेत. ज्याचे पाय अधू आहेत त्याला हा बदल वरदान ठरला. ज्याचे हात अधू आहेत त्याच्या दारावर मात्र जुने कुलूप निघून नवे लागले.

यंत्राचे गृहीतक

हे कुलूप कसे लागते हे समजून घेतल्याखेरीज ते उघडता येणार नाही. टॅबच्या पडद्याला बोटाचा जोर कळत नाही. त्याला कळते ती शरीराची विद्युत्‌वाहकता. काचेखाली पारदर्शक वाहक द्रव्याची सूक्ष्म जाळी असते. बोट टेकले की तेथील विद्युत्‌भारात किंचित फरक पडतो आणि तेवढ्यावरून यंत्र स्पर्शाची जागा ठरविते. म्हणून जोर लावून दाबण्याचा उपयोग होत नाही. लाकडी काडीने टोचले तरी पडदा दाद देत नाही. आणि उलट तळहाताची कड चुकून टेकली तर तोही स्पर्श मानला जातो. यावर आणखी एक गृहीतक चढविलेले असते. बोट क्षणभर टेकले तर एक अर्थ, दाबून धरले तर दुसरा, टेकवून सरकविले तर तिसरा आणि दोन बोटांनी ताणले तर चौथा. निरोगी हाताला हे चारही अर्थ नकळत साधतात. कंप असलेल्या हाताचा एक स्पर्श मात्र यंत्राला तीन स्पर्शांसारखा वाटतो आणि सावकाश उचलल्या जाणाऱ्या बोटाचा साधा स्पर्श त्याला दाबून धरल्यासारखा वाटतो. माणूस चुकतो असे आपण म्हणतो. खरे पाहता यंत्र दुसऱ्याच कोणाच्या तरी हातासाठी जुळविलेले असते.

ही जुळवणी बदलता येते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आयपॅड असो की अँड्रॉइडचा टॅब असो, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा एक भाग असतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. यंत्र विकत घेतले त्याच दिवशी या सोयी घरात आलेल्या असतात आणि पुष्कळदा यंत्र मोडीत निघेपर्यंत त्या कोणी उघडलेल्या नसतात. विकणारा त्यांविषयी सांगत नाही, घरातील तरुणांना त्यांची गरज पडलेली नसते आणि ज्याला गरज असते त्याला तेथपर्यंत पोचण्यासाठीच बोटे चालावी लागतात. या दुष्टचक्राचा पहिला दुवा तोडण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. मित्राचे खरे काम येथे सुरू होते.

आधी पाहावे, मग बदलावे

हे काम सेटिंगपासून नव्हे, निरीक्षणापासून सुरू व्हावे लागते. कोणता हात अधिक चालतो? बोट हलत नसले तरी मनगट किंवा कोपर हलते काय? कंप टेकण्यापूर्वी येतो की टेकल्यानंतर? सकाळी सांधे आखडतात आणि दुपारी मोकळे होतात काय? किती वेळाने हात थकतो? ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ती फक्त त्या माणसाजवळ असते, आणि त्याला विचारण्याचे सौजन्य मात्र क्वचितच दाखविले जाते. स्वतःच्या हाताचा जाणकार तोच असतो. मित्राने शिष्यासारखे बसून तास दीड तास हे ऐकले आणि पाहिले, तर पुढचे निम्मे काम झाले असे समजावे.

त्यानंतर यंत्राची जागा ठरवावी. एका हाताने अर्धा किलो वजनाची वस्तू धरायची आणि दुसऱ्या हाताने ती चालवायची, ही कसरत ज्याचा एकच हात चालतो त्याला जमणार नाही. टॅब टेकणीवर किंवा पलंगाला लावलेल्या चापावर पक्का बसवावा, खाली न घसरणारी रबरी चटई घालावी आणि कोपराला उशीचा आधार द्यावा. हात हवेत तरंगत असला की कंप वाढतो, टेकला की पुष्कळांचा तो कमी होतो. तळहाताची कड वारंवार टेकत असेल तर साधा सुती हातमोजा घालून त्याचे एकच बोट टोकाशी कापून टाकावे. पडद्याला तेवढेच बोट कळते. काही पकडता येत नसेल तर वाहक रबराचे टोक असलेली लेखणी कापडी पट्ट्याने तळहाताला बांधता येते. या साऱ्यांचा खर्च टॅबच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

मग सेटिंग्जकडे वळावे. नावे यंत्रागणिक बदलतात, पण आशय सारखाच आहे. ठरावीक वेळेपेक्षा कमी काळ झालेला स्पर्श यंत्राने मानू नये, लागोपाठ झालेले स्पर्श एकच धरावेत, ‘दाबून धरणे’ केव्हा समजावे याची मुदत लांबवावी, अक्षरे व चौकोन मोठे करावेत, क्षणात नाहीशा होणाऱ्या सूचना अधिक काळ टिकाव्यात, अशा सोयी त्यांत मिळतात. दोन बोटांनी करावयाच्या हालचाली एका स्पर्शाने करण्याचीही तजवीज असते. पडदाच नको असेल तर टॅबला माउस जोडता येतो; आयपॅडवर ही सोय २०१९ मध्ये आली. बाण एका जागी क्षणभर स्थिरावला की यंत्राने आपोआप ‘क्लिक’ झाले असे मानावे, असेही ठरविता येते. येथे एक पथ्य पाळावे. एका बैठकीत एकच बदल करावा आणि तो दोन दिवस वापरून पाहू द्यावा. उत्साहाच्या भरात दहा बदल एकदम केले, तर कोणता उपयोगी पडला आणि कोणता आड आला हे कोणालाच कळत नाही आणि यजमानाला आपलेच यंत्र परके वाटू लागते.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द घ्यावा. व्यंजने, हलन्त, काना व अनुस्वार अशी एकेक खूण उमटवत गेल्यास त्यासाठी अकरा वेळा बोट टेकावे लागते. ज्याला प्रत्येक स्पर्श हा एक प्रयत्न आहे त्याच्यासाठी जोडाक्षर ही चढणच असते. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आणखी आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली, त्यांत मराठी होती. ही चढण तिने पुष्कळच सोपी केली. तथापि आवाजाने सारे प्रश्न सुटतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. विशेषनामे व विरामचिन्हे यांत चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्यास पुन्हा बोटच लागते. पक्षाघाताने किंवा कंपवाताने हाताबरोबर वाचाही अडखळलेली असू शकते. दोन खोल्यांच्या घरात सर्वांसमक्ष मोठ्याने बोलून खासगी पत्र लिहिणे तर कोणालाच रुचणार नाही.

हात जवळजवळ हलतच नसेल तरीही दार बंद होत नाही. एकच बटण पुरते. पडद्यावरील एकेक चौकोन क्रमाने आपोआप उजळत जातो आणि हवा तो उजळला की बटण दाबायचे असते. ते बटण कोपराखाली, पायाशी किंवा डोक्याच्या कडेला कोठेही बसविता येते. आयपॅडमध्ये अशी सोय २०१३ पासून आहे. नजरेच्या हालचालीने चालविण्याची सोयही २०२४ मध्ये त्याच्या काही प्रकारांत आली. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये गेली. त्यानंतर ते हातात धरलेल्या एकाच बटणाने पडद्यावरील शब्द निवडत आणि पुढे हातही निकामी झाल्यावर गालाच्या स्नायूची हालचाल त्यांच्या कामी आली. काळाच्या इतिहासावरील त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वाचा गेल्यानंतर. हॉकिंग यांच्यापाशी नामांकित तंत्रज्ञांचे साहाय्य होते हे खरे. पण तेव्हा जे एका शास्त्रज्ञासाठी खास जुळवावे लागले, ते तत्त्व आज दुकानातल्या टॅबमध्ये तयार मिळते. कमी पडते ते त्याची ओळख करून देणारे माणूस.

दुसऱ्याच्या बोटांची किंमत

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे कुटुंबव्यवस्था अद्याप शाबूत आहे. मुलगा, सून, नातू कोणीही क्षणात काम करून देते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण नातवाने पैसे पाठवून द्यायचे तर आजोबांचा गुप्त अंक नातवाला ठाऊक असावा लागतो. मुलाने पत्र वाचून दाखवायचे तर ते पत्र मुलाविषयीच असले तरी त्यालाच वाचावे लागते. डॉक्टरांना विचारायचा संकोचाचा प्रश्न, जुन्या मैत्रिणीची विचारपूस, घरातील वागणुकीबद्दल बहिणीजवळ करावयाची तक्रार, ही सारी दुसऱ्याच्या बोटांतून जावी लागतात. आणि पुष्कळदा ती जातच नाहीत, मनातच राहतात. दुसऱ्याच्या बोटांनी जगणाऱ्या माणसाला खासगी आयुष्य उरत नाही. कुटुंब प्रेमळ असले तर ही उणीव झाकली जाते. ते तसे नसले तर मात्र त्या गुप्त अंकाबरोबर माणसाचा पैसा आणि त्याचा शब्द दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात जातात.

या दृष्टीने टंकयंत्राचा इतिहास उद्‌बोधक आहे. कचेरीतील कामाच्या झपाट्यासाठी हे यंत्र जन्मले असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याच्या अगदी आरंभीच्या अवतारांत इटलीतील पेल्लेग्रिनो तुर्री याच्या यंत्राची गणना होते, आणि ते त्याने दृष्टी गमावलेल्या एका मैत्रिणीसाठी, काउंटेस कारोलिना फान्तोनी हिच्यासाठी तयार केले होते. ते यंत्र आज उरलेले नाही. पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ च्या सुमाराची काही पत्रे उरली आहेत. काउंटेसपाशी मजकूर सांगून लिहून घेण्यासाठी माणसांची वाण नसणार. तरी तुर्रीने तिला लेखनिक दिला नाही, तिचे पत्र तिलाच लिहिता येईल असे साधन दिले. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मित्राला जे उमगले, ते टॅब हिसकावून घेणाऱ्या आजच्या मित्राला उमगण्यास हरकत नसावी.

याचा अर्थ असा नव्हे की अधू हाताच्या माणसाने प्रत्येक काम स्वतःच केले पाहिजे असा हट्ट धरावा. हात थकलेला असताना, अंग दुखत असताना तो ‘आज तूच लिही’ असे म्हणाला, तर ते खुशाल लिहावे. स्वावलंबनाचे व्रत दुसऱ्यावर लादणे हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. मुद्दा निवडीचा आहे. स्वतः करणे शक्य असताना दुसऱ्याला सांगणे ही निवड होय. दुसरा मार्गच नसल्यामुळे सांगणे ही लाचारी होय. बाहेरून दोन्ही सारखी दिसली तरी करणाऱ्याच्या मनात त्यांचे वजन फार वेगळे असते.

मैत्री आणि हक्क

येथवर जे म्हटले ते मित्राच्या कर्तव्याविषयी. पण सारा भार मित्रांवर टाकून शासन आणि संस्था मोकळ्या होऊ शकत नाहीत. ज्याला मित्र नाही त्याने काय करावे? भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला. २०१६ च्या अधिनियमात दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला, तेव्हा ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. अपंगत्वाची ठरावीक टक्केवारी नाही एवढ्या कारणाने वाजवी सोय नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि ते बंधनकारक करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले गेले. कायद्याची भाषा आता संदिग्ध राहिलेली नाही.

व्यवहार मात्र तिच्या मागे रेंगाळतो आहे. शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना परिचित असलेले एक उदाहरण पुरेसे होईल. परीक्षेच्या दालनात अपंग विद्यार्थ्याला दर तासाला किमान २० मिनिटे अधिक मिळावीत, हे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केले. तोच विद्यार्थी शुल्क भरण्यासाठी टॅब उघडतो, तेव्हा मोबाइलवर आलेला अंक ठरलेल्या मुदतीत टंकावा लागतो आणि मुदत टळली की सारे पहिल्यापासून. कागदावर ज्याच्या हाताला वेळ लागतो हे सरकारला कळते, त्याच्या हाताला काचेवर वेळ लागतो हे का कळू नये? संकेतस्थळांच्या सुगम्यतेची जागतिक मानके याबाबत स्पष्ट आहेत. वेळेची मर्यादा वाढविता आली पाहिजे, ही अट त्यांत जुनीच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुधारणेने त्यांत भर घातली की बोटाने ओढत नेण्याची कृती साध्या स्पर्शानेही करता यावी आणि दाबण्याची जागा अमुक आकाराहून लहान नसावी. हे अवघड तंत्रज्ञान नाही; केवळ ध्यानात ठेवण्याची बाब आहे.

मनात आणले तर शासनाला मार्ग सापडतो, याचेही उदाहरण आहे. निवृत्तिवेतनधारकांच्या डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा भर बोटांच्या ठशांवर होता. झिजलेल्या, वाकलेल्या बोटांच्या वृद्धांना तेथे अडचण येणे स्वाभाविक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग त्यात आला. त्या दुसऱ्या मार्गानेही सर्वांचे भागत नाही हे खरे. पापण्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट आम्लहल्ल्यात चेहरा होरपळलेल्यांना कशी अशक्य ठरते, हेच २०२५ च्या खटल्यातून पुढे आले. निष्कर्ष इतकाच की कोणतेही दार एकाच किल्लीने उघडणारे असू नये. एका इंद्रियावर किंवा एका अवयवावर सारी व्यवस्था टांगून ठेवली की कोणीतरी बाहेर राहणारच.

या बाबतीत महाराष्ट्राची जबाबदारी काहीशी अधिक आहे, कारण त्याच्यापाशी परंपरा आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, देशातील पहिले विद्यालय सुरू केले. रुग्ण वाचला एवढ्याने उपचार संपत नाही, त्याला जेवता, लिहिता, काम करता आले पाहिजे, हे या शास्त्राचे सूत्र आहे. टॅब वापरता येणे हे आज त्याच सूत्रात बसते. मुंबई-पुण्याबाहेर असा उपचारक गाठणे सोपे नाही. तोपर्यंत निदान काही साध्या गोष्टी तरी होऊ शकतात. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना या सोयींची दोन दिवसांत ओळख करून देता येईल. सार्वजनिक वाचनालयांत आणि ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांत एक टॅब टेकणी, मोठे बटण व माउस यांसह मांडून ठेवता येईल, म्हणजे विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाला आपल्या हाताला काय जुळते हे पाहता येईल. शाळेत संगणक शिकविताना अ‍ॅक्सेसिबिलिटीचा भाग एका तासिकेत दाखविला, तर पुढच्या पिढीतील नातवंडे तरी टॅब हिसकावून घेणार नाहीत, जुळवून देतील. यांपैकी कशालाही मोठी तरतूद लागत नाही. लागते ती हे काम आपले आहे अशी जाणीव.

शिक्षकांना हे पटवून देण्याची खरे तर गरज नसावी. पाटीवर अक्षर गिरविताना गुरुजी मुलाच्या मुठीवर आपला हात ठेवतात. पहिले काही दिवस तो हातच पेन्सिल फिरवितो. पण त्यानंतर एके दिवशी तो हलकेच बाजूला घ्यावा लागतो. मग अक्षर वाकडे आले, रेघ सुटली, तरी चालते. जो गुरुजी हात काढत नाही, त्याचा विद्यार्थी लिहायला शिकत नाही. टॅब हीदेखील एक पाटीच आहे. अधू हाताच्या मित्राने तिच्यावर लिहिलेल्या पहिल्या ओळीत चार चुका असतील आणि तिला अर्धा तास लागला असेल. मदतीस आलेल्या मित्राने तेवढा अर्धा तास आपले हात आवरून शेजारी बसावे आणि पुढच्या भेटीला जावे तेव्हा काही करून देण्यासाठी नव्हे, गप्पा मारण्यासाठी जावे.